मिक्सरच्या नाकाला काय लावायचं

आपल्याकडे मिक्सर म्हणजे चटणीचं भांडं, वाटणाचं भांडं आणि सकाळी सात वाजता अख्ख्या मजल्याला ऐकू जाणारा आवाज. त्यामुळे स्टँड मिक्सर, म्हणजे बाऊलमध्ये वरून बीटर फिरवून फेटणारं-मळणारं यंत्र, घरात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात वाटण होतं का? होत नाही. मग एवढं धूड ओट्यावर कशाला, हा दुसरा. तिसरा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही, पण पैसे त्यातच जातात: याच्याबरोबर आणखी काय काय घ्यायचं?

किचनएड या अमेरिकी कंपनीच्या यंत्राला पुढच्या बाजूला, अगदी नाकाच्या जागी, एक छोटं झाकण असतं. ते उघडलं की आत चौकोनी खाच दिसते आणि बाजूला एक गोल फिरकी. अटॅचमेंटचा दांडा खाचेत घालायचा, फिरकी आवळायची, झालं. ही सोय जुनी आहे. ओहायोतल्या ट्रॉय गावच्या होबार्ट कंपनीतल्या हर्बर्ट जॉन्स्टन या इंजिनिअरनं आधी बेकरीसाठी मोठा मिक्सर बनवला. त्याची घरगुती आवृत्ती किचनएड या नावानं १९१९ मध्ये आली आणि तिचं वजन ६५ पौंड, म्हणजे जवळजवळ तीस किलो होतं. एग्मंट अ‍ॅरेन्स यांनी रेखाटलेलं, आज आपण ओळखतो त्या आकाराचं मॉडेल १९३७ चं. नाकाचं माप तेव्हापासून तेच ठेवल्यामुळे जुनी अटॅचमेंट नव्या यंत्राला बसते, आणि म्हणूनच ही यादी वाढत वाढत चालली आहे. दळण, खिमा, शेवया, आइस्क्रीम, बर्फाचा गोळा, सगळं तिच्यात आहे.

यातलं काय घ्यावं हे ठरवण्याआधी यंत्राचा स्वभाव समजून घ्यायला हवा. चटणीच्या मिक्सरचं पातं मिनिटाला १८,००० ते २०,००० फेरे घेतं. स्टँड मिक्सरचा बीटर मिनिटाला साठेक फेऱ्यांपासून सुरू होतो आणि पूर्ण वेगातही दोन-सव्वादोनशेच्या आसपास राहतो. घराघरातला चटणीचा मिक्सर ५०० ते ७५० वॉटचा असतो, तर युरोपात विकल्या जाणाऱ्या ४.८ लिटरच्या किचनएडवर लिहिलेलं असतं ३०० वॉट. लोक आकडा बघून नाक मुरडतात. पण वॉट म्हणजे यंत्र वीज किती खातं, हाताला जोर किती देतं ते नव्हे. इथे गिअरनं वेग सोडून जोर घेतलेला आहे. घाण्याचा बैल रेसला कामाचा नाही, पण तेल तोच काढतो. जे काम संथ, जड आणि भरपूर आहे, ते या यंत्राचं. ज्याला वेग लागतो, किंवा जे दोन माणसांपुरतं आहे, ते नाही.

आणि मराठी स्वयंपाकातली अशी बरीचशी कामं नाकाला काही न लावताच होतात. खोक्यातून येणाऱ्या तीन वस्तूंत, म्हणजे चपटा बीटर, तारांचा व्हिस्क आणि कणकेचा हुक यांत, सगळ्यात दुर्लक्षित चपटा बीटर. तो केकसाठी असतो असं समजून बाजूला पडतो.

मोदकाची उकड घ्या. दोन वाट्या पिठी, दोन वाट्या पाणी, चमचाभर तूप, मीठ. पाणी उकळून पिठी घातली, ढवळलं, झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ काढली, गॅस बंद करून पाच मिनिटं तशीच ठेवली. यापुढे खरी परीक्षा: उकड गरम असतानाच मळली पाहिजे आणि हात भाजतो. वाटीच्या बुडानं, पेल्यानं, ओल्या फडक्यानं, प्रत्येक घराची आपली युक्ती असते. इथे आधी मिक्सरच्या स्टीलच्या बाऊलमध्ये कढत पाणी ओतून मिनिटभर ठेवावं आणि फेकून द्यावं, कारण गार स्टील उकडीची ऊब ओढून घेतं. उकड घालून चपटा बीटर अर्धा मिनिट वेगाच्या १ या खुणेवर, मग दोन ते तीन मिनिटं २ वर. अधूनमधून चमचाभर गरम पाणी. हुक लावू नये. हुक गव्हाच्या चिकटपणाला ओढून ताणण्यासाठी आहे, तांदळात तो चिकटपणाच नाही, त्यामुळे हुक उकडीला नुसता गोल गोल फिरवतो आणि गुठळ्या तशाच राहतात. बीटर त्या भिंतीवर दाबून फोडतो. बाऊलच्या कडा स्वच्छ दिसायला लागल्या आणि उकड बीटरभोवती गोळा झाली की थांबायचं. मग तेल-पाण्याचा हात लावून मिनिटभर हातानं मळायचं, तेवढं सुटत नाही. उकड गार झाल्यावर यंत्रात घातली तर आतले बारीक कण घट्ट झालेले असतात, बीटर कितीही फिरला तरी ते फुटत नाहीत आणि पाकळी काढताना नेमकं तिथे चिरतं. आणि एका वाटीची उकड यात करूच नये. बीटर तिला कडेला ढकलून वरून फिरत राहतो.

लोण्यालाही चपटा बीटरच. सगळे व्हिस्क लावतात, कारण सायीच्या विरजणाला रवी हवी आणि व्हिस्क रवीसारखा दिसतो. पण लोण्याचे कण धरले की ते तारांच्या पिंजऱ्यात शिरून बसतात आणि मग काढायला सुरी, चमचा, बोट, सगळं लागतं. बीटरला थोडा वेळ जास्त लागतो, पण लोणी वरून एका हातानं निपटून निघतं. बाऊल अर्ध्याच्या वर भरू नये. ४ वर सुरू करावं, पिवळसर कण दिसले की लगेच २ वर आणावं. ती वेळ चुकली की ताक थेट भिंतीवर. वरून एक पंचा टाकून ठेवलेला बरा, फक्त त्याची टोकं बाऊलच्या बाहेर राहतील हे बघावं. मे महिन्यात साय मऊ पडते आणि लोणी गोळा होत नाही. पाच-सहा बर्फाचे खडे टाकले की होतं. फ्रिजमधून काढून थेट घातलं तर उलटं, वीस मिनिटं फिरत बसतं.

श्रीखंडाची गोष्ट थोडी वेगळी आहे. एक किलो चक्का, पाऊण ते एक किलो साखर, दोन्ही एकत्र करून तासभर झाकून ठेवायचं, मग बीटर २ वर तीन-चार मिनिटं. व्हिस्क लावला तर हवा भरते, श्रीखंड फुगतं, वाढताना छान दिसतं आणि संध्याकाळपर्यंत बसतं. मात्र चक्का रवाळ असेल तर तो रवाळपणा बीटर घालवत नाही. बीटर मिसळतो, गाळत नाही. ते काम पुरणयंत्राचं किंवा चाळणीचं, आणि हा मिसळणं-गाळणं फरक पुढे पुरणातही आडवा येणार आहे.

कणकेबद्दल मात्र आधीच एक अप्रिय गोष्ट सांगून टाकावी. सहा पोळ्यांची कणीक या यंत्रात मळायची नाही. दीडशे-दोनशे ग्रॅम पीठ ४.८ लिटरच्या बाऊलमध्ये हुकच्या हातीच लागत नाही. परातीत चार मिनिटांत होतं आणि परात धुवायला अर्धा मिनिट. यंत्राचं काम अर्ध्या किलोपासून पुढे: पाहुणे, डबे, पुरणपोळीचा घाट. ५०० ग्रॅम चक्कीच्या पिठाला साधारण ३२० ते ३५० मिली पाणी, एक चमचा मीठ, दोन चमचे तेल. पाणी आधी, पीठ नंतर. परातीत आपण उलट करतो, पण इथे पीठ खाली राहिलं तर हुक बुडाला पोचत नाही आणि मळलेल्या गोळ्याखाली कोरड्या पिठाची चकती सापडते. १ वर एक मिनिट, २ वर चार मिनिटं, मग यंत्र बंद करून वीस मिनिटं झाकून ठेवायचं आणि पुन्हा एक मिनिट फिरवायचं. मधली वीस मिनिटं टाळणारे लोक पाणी वाढवतात. कणीक सुरुवातीला घट्टच लागते, कारण पिठातला कोंडा पाणी सावकाश पितो. वाढवलेलं पाणी वीस मिनिटांनी पोळपाटाला चिकटतं.

कणीक हुकवर चढत वर जायला लागली तर बहुतेक वेळा ती कोरडी आहे, चमचा-दोन चमचे पाणी पुरतं. आणि २ च्या वर जायचं नाही, कितीही घाई असली तरी. घट्ट गोळा हुकला अडवतो, डोकं वर उचलणाऱ्या यंत्रांत अख्खं डोकं त्या दणक्यानं उड्या मारतं आणि बिजागरीची खीळ सैल होते. बऱ्याच मॉडेलांत आत एक गिअर मुद्दाम नरम ठेवलेला असतो. जोर अति झाला की मोटरऐवजी तो झिजतो. तो बदलता येतो, पण सणाच्या आदल्या दिवशी नाही. पुस्तिकेत पिठाची कमाल मर्यादा दिलेली असते, ती मैद्याची. आपल्या कणकेसाठी तिच्या दोन-तृतीयांश धरावी.

हे सगळं नीट होण्यासाठी बीटर आणि बाऊलचं बूड यांतलं अंतर बरोबर हवं, आणि ते नव्या यंत्रातही चुकलेलं असतं. अमेरिकेत दहा सेंटचं नाणं टाकून बघतात. आपलं रुपयाचं चालेल, धुऊन घ्यावं. बाऊलमध्ये नाणं टाकून चपटा बीटर १ वर फिरवायचा. दर फेरीला नाणं थोडं, सेंटिमीटरभर सरकलं तर ठीक. अजिबात हललं नाही तर बीटर उंच आहे आणि खाली पीठ राहणार. सतत बरोबर ओढलं जात असेल तर बीटर बुडाला घासतोय. डोकं उचलल्यावर मानेत एक स्क्रू दिसतो: घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला की बीटर खाली येतो, उलट फिरवला की वर. पाव फेराच फिरवून पुन्हा नाणं टाकून बघायचं.

आता खरेदीकडे. नाकाच्या आधी तीन साध्या गोष्टींवर पैसे घालावेत. एक, दुसरा बाऊल. केकचं पीठ आणि फेटलेली अंडी, किंवा श्रीखंड आणि कणीक, एकाच दिवशी करायची तर मधे बाऊल घासत बसणं हेच सगळ्यात कंटाळवाणं काम असतं. दोन, एका कडेला रबरी पट्टी असलेला बीटर. तो बाऊलची भिंत स्वतःच निपटत जातो, केक-बिस्किटांत यंत्र थांबवून उलथन्यानं कडा खरवडायची गरज राहत नाही. उकडीला मात्र तो नको, गरम चिकट गोळा त्या पट्टीवर ताण देतो. आणि तीन, बीटर नि हुक स्टीलचे किंवा पांढऱ्या लेपाचे. काही मॉडेलांबरोबर घासून चकचकीत केलेले ॲल्युमिनियमचे येतात. ते डिशवॉशरमध्ये घातले की काळे-करडे पडतात आणि पुढच्या कणकेत राखाडी रेघा उमटतात. पडलेच काळे, तर लिंबू-मिठानं घासून बरेच उजळतात, पण पुन्हा पडतात. डिशवॉशर असलेल्या घरात हा प्रश्न मुळातच मिटवावा.

नाकाला लावायच्या वस्तूंत आपल्यासाठी सगळ्यात वर फूड ग्राइंडर. परदेशात तो खिम्यासाठी, मराठी घरात पुरणासाठी. (जुना घेतलेला असेल तर आधी त्यातून काय निघालं होतं हा विचार शाकाहारी घरानं करावा. प्लास्टिकचा असेल तर वास जात नाही, धातूचा उकळत्या पाण्यानं निघतो.) आत पाच भाग: नळकांडं, मळसूत्री दांडा, चार पात्यांची छोटी सुरी, भोकांची चकती आणि वरचं कडं. घोटाळा सुरीत होतो. तिची सपाट, धारेची बाजू बाहेर, चकतीकडे हवी. उलटी बसली तर डाळ कापली न जाता चकतीवर चेचली जाते, भोकांतून लांबट चिकट लगदा येतो, मोटरचा आवाज जाड होतो आणि लोक ‘मोटर कमजोर आहे’ असं लिहून मोकळे होतात. कडं हातानं जेवढं आवळलं जातं तेवढंच आवळावं, पाना लावू नये.

पण पुरणाच्या बाबतीत एक मर्म आहे. पुरणयंत्र गाळतं, ग्राइंडर कापतो. ग्राइंडरच्या सगळ्यात बारीक चकतीचं भोकही साधारण तीन मिलिमीटरचं. पुरणयंत्राच्या जाळीचं त्याच्या निम्म्याहून लहान. म्हणजे पुरणयंत्रात कच्ची कणी वर अडकते आणि आपण ती बाजूला काढतो, ग्राइंडरमधून ती खाली येते, आणि मग पोळी लाटताना नेमकी तिथून फुटते. तेव्हा यंत्रात घालायची डाळ बोटांत धरल्यावर कणी न राहता मेण व्हायला हवी. अर्धा किलो हरभऱ्याची डाळ शिजवून, कट पूर्ण निथळून, वाफ निघत असतानाच पण हाताला सोसेल इतकी झाली की वेग ४ वर काढावी. गूळ नंतर. आधी गूळ घालून आटवलेलं पुरण यंत्रातून काढायची आपली रीत हाताच्या पुरणयंत्राला ठीक आहे, कारण तिथे हात थांबला की आपणही थांबतो. मळसूत्रात अडकलेलं गुळाचं पुरण कोमट होता होता डिंकासारखं बसतं आणि शेवटचा पाव किलो बाहेरच येत नाही. नुसती डाळ सरसर निघते. मग तेवढाच गूळ घालून आटवावं, झारा उभा राहीपर्यंत. रटरट उडतं, लांब दांड्याचा झारा घ्यावा. शेवटी आत राहिलेली डाळ काढायला एक पावाचा तुकडा टाकून फिरवला की तो सगळं पुढे ढकलतो.

पाव किलो डाळीसाठी हे करू नये. पाच भाग धुणं, पुसणं, वाळवणं यातच पुरण हाताच्या पुरणयंत्रातून निघालं असतं. होळीला चाळीस पोळ्या करणाऱ्या घराला मात्र ग्राइंडरला पर्याय नाही.

ग्राइंडरवरच बसणारा आणखी एक जोड असतो, शंकूच्या आकाराची जाळी. तो खरा गाळणारा. टोमॅटोची सालं एकीकडून, रस दुसरीकडून. रायवळ आंब्याचा धागेदार रस यातून सुरेख निघतो. बाठी आधी काढायला हवी, हे सांगायला नकोच. चिंचोके राहिलेली चिंच घालू नये, जाळीत अडकून दांडा घुसमटतो.

गिरणीच्या अटॅचमेंटबद्दल सगळ्यात जास्त मोह असतो आणि सगळ्यात जास्त निराशा. ताजं पीठ, घरचं दळण, कल्पना चांगली आहे. पण पुण्या-नाशकात कोपऱ्यावर गिरणी आहे, कित्येक घरांत घरघंटी आहे. त्यांच्यासमोर हे खेळणं. यंत्र पूर्ण वेगावर चालवावं लागतं, एका बैठकीत सव्वा किलोच्या आसपास दळून झालं की पाऊण तास मोटर थंड करायची. त्यातही खरा फरक पिठाच्या पोताचा. आपल्या चक्कीत दोन दगड गव्हाला चिरडतात, पीठ तापतं, त्यातला स्टार्च बराचसा मोडतो. मोडलेला स्टार्च जास्त पाणी पितो. म्हणूनच चक्कीच्या पिठाची कणीक लोण्यासारखी होते आणि पोळी दुपारपर्यंत मऊ राहते. लोखंडी पात्यांची ही छोटी गिरणी गहू चिरते, दाणा जाडसर राहतो, पाणी सावकाश मुरतं. बारीक करायला पाती अगदी जवळ आणली तर मोटर कण्हते. त्या पिठाला तास-दीड तास भिजत ठेवलं तर पोळी जमते, पण ती वेगळी पोळी असते, थोडी ठिसूळ, कोंड्याची. परदेशात, जिथे चक्कीचं पीठ महिन्या-दोन महिन्यांचं जुनं मिळतं, तिथे थालीपिठाच्या भाजणीला, लापशीच्या भरड्याला, ज्वारी-नाचणीला ही गिरणी खरोखर उपयोगी. भाजणी भाजल्यावर पूर्ण गार झाली पाहिजे, कोमट धान्याची वाफ पात्यांवर पिठाची पुटं चढवते. शेंगदाणे, तीळ, जवस असलं तेलकट काही नाही. आणि अनारशाचे तांदूळ तर अजिबात नाहीत. तीन दिवस भिजवून फडक्यावर पसरलेला, ओलसर असतानाच दळायचा तांदूळ या गिरणीत लगदा होऊन पात्यांत थापला जातो, आणि ही गिरणी पाण्यानं धुता येत नाही, गंजते. अनारशाला चटणीचा मिक्सर आणि पिठाची चाळणी, दुसरं काही नाही.

पास्ता रोलर म्हणजे दोन रुळांमधून कणीक दाबून पट्टी काढणारं साधन. आपल्या फराळात त्याचं काम तीन ठिकाणी: चिरोटे, करंजीची पारी, खारे शंकरपाळे. रवा-मैद्याचं घट्ट भिजवलेलं पीठ दोन तास मुरवून, सुपारीएवढं नव्हे, चांगलं लिंबापेक्षा मोठं घेऊन रोलरवरच्या जाडीच्या १ या खुणेवर चार-पाच वेळा घडी घालून काढायचं. कुटायचं काम यातच होतं. मग २, ३, ४. करंजीला ४ पुरे, ५ वर पारी तळताना सारण दाखवते. चिरोट्याला ५, मग साटा लावून गुंडाळी. गोड शंकरपाळ्यांना मात्र हा रोलर नको. ते पीठ साखर-तुपानं ठिसूळ असतं, रुळांतून फाटत येतं, तूप रुळांना लागतं आणि मुळात १ ची खूणच अडीच मिलिमीटरच्या आसपासची, शंकरपाळा त्याहून जाड हवा. रोलर पाण्याखाली धरायचा नाही, कधीच नाही. आतल्या गिअरला पाणी लागलं की तो किरकिरायला लागतो आणि रुळांच्या कडेला गंजाचे डाग येतात. तासभर उघडा ठेवायचा, चिकटलेलं पीठ वाळलं की ब्रशनं झाडायचं.

चकलीचं काय, असं कुणीतरी विचारतंच. पास्ता दाबून काढायचं एक अटॅचमेंट असतं, त्यात चकत्या बदलून नळ्या, शेवया निघतात. चकलीची चांदणी त्यात नसते. असती तरी चकलीला थांबत-थांबत, हातानं वेटोळं घालत दाबायचं असतं, आणि ही मोटर थांबत नाही. पितळी सोऱ्या. विषय संपला.

किसण्या-कापण्याच्या गोल सुऱ्यांचं अटॅचमेंट गाजर हलव्याच्या मोसमात पैसे वसूल करतं. दोन किलो गाजरं पाच-सात मिनिटांत, आणि बोटं शाबूत. नारळ मात्र नाही. नारळ खवायची सोय कोइंबतूरच्या पद्धतीच्या टेबलावरच्या वेट ग्राइंडरला मिळते, कणीक मळायच्या दांडीसकट, आणि ज्या घरात इडली-डोसा आठवड्याला होतो त्यांनी स्टँड मिक्सरच्या आधी तो घ्यावा हे माझं मत इथे नोंदवून ठेवतो. भाजीची स्प्रिंग करणारं, पीठ चाळणारं, लिंबू पिळणारं, ही सगळी अटॅचमेंट दुकानात छान दिसतात.

आइस्क्रीमचा बाऊल घ्यायचा तर आधी फ्रीझर मोजावा. हा दुहेरी भिंतींचा बाऊल, मधे द्रव भरलेला. उणे अठरा अंशांवर निदान पंधरा तास आडवा न ठेवता सरळ ठेवावा लागतो. आपल्या दोन दारी फ्रिजच्या फ्रीझरमध्ये मधली जाळी काढल्याशिवाय तो बसत नाही. बाहेर काढून हलवला तर आत पाण्याचा आवाज येता कामा नये. आला तर त्या दिवशी आइस्क्रीम होणार नाही, हट्ट करू नये. सीताफळाचं किंवा आंब्याचं मिश्रण फ्रिजमध्ये रात्रभर गार केलेलं हवं, दीड लिटरच्या आत हवं, कारण ते फुगतं. क्रम महत्त्वाचा: आधी यंत्र १ वर सुरू, मग मिश्रण ओतायचं. उलटं केलं तर ओतल्या ओतल्या भिंतीवर थर गोठतो, पातं त्याला अडतं आणि टक-टक आवाज करत घसरतं. वीस-तीस मिनिटांत मऊ आइस्क्रीम तयार होतं, डब्यात काढून चार तास फ्रीझरला. काढताना लाकडी किंवा प्लास्टिकचं उलथनं. आंबा फार गोड असेल तर साखर कमी करावी. जास्त साखरेचं मिश्रण गोठतच नाही, आणि तो दोष बाऊलच्या माथी येतो.

अमेरिकेतून येणाऱ्या बॅगेत काय मागवावं, याचं उत्तर सोपं आहे. मिक्सर नको. तो १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० च्या सॉकेटला थेट लावला तर जळतो, आणि ट्रान्सफॉर्मर लावून चालवायचा म्हणजे ओट्यावर आणखी एक चार-पाच किलोची पेटी. पण नाकाला लावायच्या अटॅचमेंटला वीज माहीत नाही, ती फक्त फिरतात. तिकडचा रोलर, तिकडचा ग्राइंडर इकडच्या किचनएडला बसतो. बाऊलमधले बीटर-हुक मात्र बाऊलच्या मापाप्रमाणे बदलतात. यंत्राच्या बुडाला लिहिलेला मॉडेल नंबर बघूनच मागवावेत. केनवूडचं यंत्र असेल तर आणखी जपून. त्याच्या संथ तोंडाचे, म्हणजे सावकाश फिरणाऱ्या नाकाचे, दोन प्रकार आहेत, जुन्याला पट्टीची खाच, नव्याला पिळून बसवायची. एकाचं दुसऱ्याला मधला जोड घेतल्याशिवाय लागत नाही. केनवूडच्या मोठ्या यंत्रांना वेगवान असं वेगळं तोंडही असतं, त्यावर ब्लेंडर बसतो. वाटणाची आशा ठेवायचीच तर तिथे.

स्वस्तातल्या, दुसऱ्या कुणी बनवलेल्या अटॅचमेंटमध्ये बघायचं ते दांड्याचं टोक. ते चौकोनी खाचेत घट्ट बसलं पाहिजे, डुगडुगलं तर खाचेच्या कडा झिजतात आणि मग चांगलं अटॅचमेंटही डुगडुगतं. ग्राइंडर पहिल्यांदा वापरताना मूठभर शिळा पाव फिरवून टाकून द्यावा. त्यावर करडी पूड दिसली तर ती धातूची आहे, तो ग्राइंडर परत करावा. आणि नाकाला काहीही लावलं तरी खालचा बीटर काढून ठेवावा. नाक फिरतं तेव्हा तोही फिरत असतो, आणि खाली ताट ठेवलेलं असतं.

वर्षभर फडताळात झाकून ठेवलेलं यंत्र दसऱ्याला खाली काढलं की बीटरच्या दांड्यावर कधी कधी तेलकट तपकिरी ओघळ दिसतो. मोटर फुटलेली नाही. आतल्या गिअरला भरपूर ग्रीस असतं, यंत्र पडून राहिलं की त्यातलं तेल सुटून खाली झिरपतं. कोमट फडक्यानं दांडा पुसायचा, काही न लावता दोन मिनिटं पूर्ण वेगावर फिरवायचं, पुन्हा पुसायचं, मग भाजणी भिजवायला घ्यायची. महिन्यातून एकदा असं रिकामं फिरवत राहिलं तर ओघळ सहसा येतच नाही.